नाव ठेवणारी ते नावं ठेवणारी

बारशाच्या दिवशी आत्याचा थाट बघण्यासारखा असतो. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा आणि त्याबद्दल पाठीवर गुद्दे खायचा मानही तिचाच. बाळाचं नाव ठेवते ती आत्या. मग पंगत बसली, की तीच आत्या जिलबीच्या पाकाला, वहिनीच्या साडीला आणि हॉलच्या भाड्याला नावं ठेवते. फरक किती, तर एका अनुस्वाराचा.

मराठीनं हा विनोद एका टिंबात उरकला. इंग्रजीला तोच करायला काही शतकं लागली. आपण आज ऑफिसात, लोकलमध्ये, लग्नात जो शब्द सर्रास वापरतो, तो ‘गॉसिप’ मुळात बारशाचाच शब्द आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘गॉडसिब’ असा होता. गॉड म्हणजे देव, सिब म्हणजे नातलग. आजच्या ‘सिब्लिंग’मध्ये बसलाय तोच हा सिब. ख्रिस्ती घरात बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा तेव्हा त्याची धार्मिक जबाबदारी घ्यायला जे उभे राहायचे, ते आईबापांचे ‘गॉडसिब’. रक्ताचं नातं नसलं तरी देवासमक्ष जोडलेलं. गोव्यात ज्यांना पाद्रीन आणि माद्रीन म्हणतात ती ही मंडळी. गॉसिप पुरुषही असायचा आणि बाईही, आणि ‘माझा गॉसिप’ असं कुणी म्हटलं, तर त्यात भांडण लागण्यासारखं काही नव्हतं.

मग देवाचं काय झालं? भराभर बोलण्यात तो गिळला गेला. इंग्रजीला ही खोडच आहे. ‘गॉड बी विथ यू’चं ‘गुडबाय’ झालं, तिथेही देव असाच पोटात गेला. म्हणजे इंग्रजी माणूस गॉसिपनं बोलायला सुरुवात करतो आणि गुडबायनं उठतो. दोन्हीकडे देव हजर, आणि दोन्हीकडे त्याची दखल कुणी घेत नाही. आपला ‘राम राम’ निदान ऐकू तरी येतो.

घसरण सुरू झाली बाळंतिणीच्या खोलीत. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडात बाळंतपण म्हणजे पक्का बायकांचा कारभार. कळा सुरू झाल्या की शेजारणी, बहिणी, मैत्रिणींना निरोप जायचे. दारंखिडक्या बंद, नवरा खोलीबाहेर. आत सुईण आणि जमलेल्या ‘गॉसिप’. त्यांच्यासाठी कॉडल नावाचं एक गरमागरम पेय शिजत असायचं. दलियाच्या पेजेत वाइन किंवा बिअर, वरून मसाले. आपल्या बाळंतिणीच्या नशिबी अळिवाची खीर, तिथे सोबतिणींचीही सोय! आता बाळ काही घड्याळ बघून येत नाही. रात्रभर थांबायचं, पोटात गरम कॉडल, दाराशी पुरुष नाही. अशा खोलीत चार बायका काय रामरक्षा म्हणत बसतील? बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या नवऱ्याला आतून हसण्याचे आवाज येत आणि ‘आत माझ्याबद्दलच चाललंय’ ही शंका त्याचं डोकं खाई. शंका खरीच असावी.

शेक्सपिअरच्या काळात शब्दाचे दोन्ही पाय दोन होड्यांत होते. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला पक नावाचं वात्रट भूत एका म्हाताऱ्या गॉसिपच्या पेल्यात भाजलेलं सफरचंद होऊन लपतं आणि ती प्यायला लागली, की तिच्या गळ्यावर सांडून टाकतं. इथे गॉसिप म्हणजे पेला घेऊन गोष्टी सांगत बसणारी आजीबाई. पण ‘कॉमेडी ऑफ एरर्स’च्या शेवटी ताटातूट झालेली जुळी मुलं इतक्या वर्षांनी सापडतात, आणि त्यांची आई म्हणते की मी जणू आत्ता कुठे बाळंत झाले, तर चला सगळे गॉसिपच्या मेजवानीला. हे गॉसिप म्हणजे सरळ बारसं. याच नाटकावर गुलजारांनी १९८२ साली ‘अंगूर’ काढला. संजीव कुमार आणि देवेन वर्मा दोघेही दुहेरी भूमिकेत, आणि घोळ चौपट.

१७५५ साली डॉक्टर जॉन्सनचा जाडजूड इंग्रजी कोश आला, त्यात या शब्दाचे तीन अर्थ मिळतात. पहिला बाप्तिस्म्याला उभा राहणारा. दुसरा दारूच्या बैठकीतला सोबती. तिसरा, बाळंतिणीभोवती जमलेल्या बायांसारखी इकडचं तिकडे करत फिरणारी व्यक्ती. देवाचा नातलग, मग बाटलीचा नातलग, मग कुणाचाच नाही. गंमत म्हणजे या तिन्ही अर्थांत गॉसिप हे माणूसच आहे. बोलण्याला, म्हणजे त्या निरर्थक वाटणाऱ्या गप्पांनाच गॉसिप म्हणायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. इंग्रजीत आजही दोन्ही चालतं. ‘शी इज अ गॉसिप’ म्हणजे ती बाई चहाडखोर. आपण मात्र शब्द उसना आणताना माणूस तिकडेच ठेवला. ‘ती गॉसिप करते’ असं आपण म्हणतो. ‘ती गॉसिप आहे’ असं म्हटलं तर ऐकणारा ‘ती कुठली?’ असं विचारील. शिवाय आपण त्याला नपुंसकलिंगात बसवलं. ‘काय गॉसिप चाललंय?’ ना तो, ना ती. दोषारोपाच्या दृष्टीनं हे फारच न्यायाचं.

फ्रेंचांनी असा न्याय केला नाही. त्यांच्याकडेही हेच नातं, दोन लिंगांत. बाळाच्या सह-आईला ‘कोमेर’, सह-बापाला ‘कोंपेर’. कोमेर म्हणजे पुढे झाली चुगलखोर बाई आणि तिचा उद्योग ‘कोमेराज’. कोंपेर मात्र रंगमंचावर चढून कार्यक्रमाचा सूत्रसंचालक झाला. आपल्याकडेही स्टेजवर माइक धरून ‘कॉम्पिअरिंग’ करतात, तो हाच. दोघंही एकाच बारशाला आलेले, दोघंही न थांबता बोलणारे. तिला मिळाली बदनामी, त्याला मानधन. स्पॅनिशमध्ये ‘कोमाद्रे’पासून गॉसिप करण्याचं क्रियापदच तयार झालं. म्हणजे नाव ठेवायला बोलावलेल्या बाईनं नावं ठेवणं हा काही एका भाषेचा शोध नाही.

जाता जाता एक फॉरवर्ड खोडून टाकू. जुन्या काळी पुढारी आपल्या माणसांना दारूच्या गुत्त्यावर ‘जा, घोट घे आणि लोक काय बोलतात ते ऐकून ये’ असं सांगून पाठवत. ‘गो, सिप’! त्यावरून म्हणे गॉसिप. ऐकायला झकास, आणि साफ खोटं. गॉसिपबद्दलचं हे गॉसिप.

तोंडाला लगाम

आपण ‘तोंडाला लगाम घाल’ म्हणतो ते बोलण्यापुरतं. तिकडे खरंच घालत. ‘ब्रँक्स’ किंवा ‘स्कोल्ड्स ब्रायडल’ हा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा बडबड्या किंवा भांडखोर ठरवलेल्या बाईच्या डोक्यावर अडकवायचे. जिभेवर दाबून बसणारी लोखंडी पट्टी आत. मग गावातून धिंड. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकात याच्या नोंदी सुरू होतात. थेम्सकाठच्या वॉल्टन गावच्या चर्चमध्ये १६३३ सालचा असा लगाम जपलेला होता. चटपटीत लिहायला बसलो असलो तरी इथे चटका बसतोच. बडबड्या पुरुषासाठी असलं काही घडवायचं लोहाराला कुणी सांगितलं नाही.

कायद्यात ‘कॉमन स्कोल्ड’ म्हणजे कजाग, शेजाऱ्यांची शांतता घालवणारी बाई हा गुन्हा इंग्लंडात कधीपर्यंत होता? १९६७ पर्यंत. बीटल्स जगभर गाजत होते, तेव्हा कुठे हा गुन्हा पुस्तकातून काढला. त्याच कायद्यानं आणखी एक जुनाट गुन्हा काढून टाकला: ‘ईव्ज्ड्रॉपिंग’, चोरून ऐकणं.

हा शब्द तर कोकणातल्या माणसाला न शिकवता कळावा. ईव्ज म्हणजे घराची वळचण. पावसात छपरावरून पागोळ्या जिथे गळतात, त्या भिंतीलगतच्या पट्टीला जुन्या इंग्रजीत ‘ईव्ज्ड्रिप’सारखं नाव होतं. तिथे भिंतीला कान लावून जो उभा राहतो, तो ईव्ज्ड्रॉपर. आपल्या म्हणीत वळचणीचं पाणी आढ्याला जातं. इंग्लंडात वळचणीला उभं राहून ऐकलेलं पाटलाच्या ओसरीला जात असणार.

पाण्यापाशी

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर इंग्रजीतले निरर्थक बडबडीचे शब्द ओळीनं मांडून बघा. बऱ्याचदा बुडाशी पाणी लागतं.

‘स्कटलबट’ घ्या. अमेरिकन इंग्रजीत याचा अर्थ कानोकानी पसरलेली बातमी, आतल्या गोटातली कुजबुज. बट म्हणजे लाकडी पिंप, स्कटल म्हणजे भोक पाडणं. जुन्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याचं एक पिंप डेकवर ठेवलेलं असायचं, वरून भोक पाडलेलं, म्हणजे पेला बुडवून पाणी घेता येई. खलाशी तिथे यायचे, पाणी प्यायचे आणि कप्तानाबद्दल बोलायचे. पिंपाचं नाव गप्पांना लागलं. अमेरिकन नौदलात आजही पिण्याच्या पाण्याच्या नळाला स्कटलबट म्हणतात. जहाज अणुशक्तीवर चालतं, नळाचं नाव पिंपाचंच. कंपन्यांतल्या वॉटरकूलरपाशी उभं राहून चाललेली चर्चा हा याच पिंपाचा कॉर्पोरेट अवतार.

ऑस्ट्रेलियाचं पिंप याहून रंगतदार आहे. व्हिक्टोरिया राज्यातल्या शेपर्टन गावात जॉन फर्फी नावाचा लोहार-कारखानदार होता. त्यानं चाकांवरची पाण्याची टाकी बनवली, घोड्यानं ओढायची. टाकीच्या दोन्ही टोकांना ओतीव लोखंडाची झाकणं आणि त्यांवर ठळक अक्षरांत त्याचं आडनाव. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोज छावणीत हजारो पोरं भरती झाली. कुठे पाठवणार, कधी पाठवणार, कुणाला काही सांगत नाहीत. छावणीभर फिरायचा तो एकटा पाण्याचा गाडा. गाडीवाला पाणक्या या बराकीतलं त्या बराकीत सांगत जाई: इजिप्तला नाही, फ्रान्सला निघणार, नाही नाही, लढाईच संपली. बातमीच्या मागे नाव लिहिलेलं असायचंच, फर्फी. झालं, खोट्या खबरेला ‘फर्फी’ हा शब्द चिकटला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत आजही विरोधकाच्या विधानाला फर्फी म्हणतात.

जॉन फर्फी मोठा धार्मिक गृहस्थ. टाकीच्या झाकणावर त्यानं सुभाषित ओतून घेतलं होतं, पुढे दारूविरोधी उपदेशही आला, तो चक्क लघुलिपीत. आज त्या देशात फर्फी नावाची बिअर विकली जाते. वर बसून तो काय म्हणत असेल ते लघुलिपीतही लिहिता येणार नाही.

याच जॉनचा भाऊ जोसेफ भावाच्याच कारखान्यात काम करायचा आणि रात्री लिहायचा. १९०३ साली त्याची ‘सच इज लाइफ’ ही कादंबरी आली, ऑस्ट्रेलियन साहित्यात ती आज मानाची आहे. टोपणनाव घेतलं ‘टॉम कॉलिन्स’. आता टॉम कॉलिन्स कोण? त्या काळच्या ऑस्ट्रेलियन बोलीत हा एक काल्पनिक इसम होता, सगळ्या बिनबुडाच्या खबरा ज्याच्या नावावर खपवायच्या असा. म्हणजे एका भावानं थापाड्याचं नाव मुद्दाम घेतलं, आणि दुसऱ्या भावामुळे काही वर्षांत त्यांचं खरं आडनावच थापेला पर्याय झालं. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं कापलं असतं.

पाणी तापवलं की चहा. १७८५ साली फ्रान्सिस ग्रोसनं लंडनच्या बाजारू बोलीचा कोश काढला, त्यात चहाची टोपणनावं वाचून खुर्चीतून पडायची वेळ येते: चॅटर-ब्रॉथ, प्रॅटल-ब्रॉथ, स्कँडल-ब्रॉथ. बडबडीचा काढा, वटवटीचा रस्सा, भानगडीचं सार! हल्लीची पोरं ‘टी स्पिल कर ना’ म्हणतात आणि घरच्यांना वाटतं काय नवीन भाषा ही. शब्दप्रयोगाचा उगम वेगळा, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ड्रॅग संस्कृतीतला. पण कप तोच. मराठीत तर चहा आणि चहाडी यांच्यात दोनच पायऱ्या आहेत, व्युत्पत्ती काही का म्हणेना.

आमच्या चाळीत पहाटे साडेपाचला नळ यायचा. पाऊण तास. त्या पाऊण तासात हंडे-कळशा रांगेत लागायच्या आणि रात्री कुणाच्या खोलीत काय झालं, कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाच्या लागली नाही, सगळं भरून व्हायचं. पुढे घरोघर टाक्या बसल्या. पाणी चोवीस तास आलं आणि बातम्या आठवड्यानं कळायला लागल्या.

राजा घाबरला

आता कॉफी. सतराव्या शतकात लंडनमध्ये कॉफीहाउसांचा सुळसुळाट झाला. एक पेनी द्या, कप घ्या, हवा तितका वेळ बसा आणि बोला. दुसरा चार्ल्स राजा याला इतका वैतागला, की २९ डिसेंबर १६७५ रोजी त्यानं फर्मान काढलं: सगळी कॉफीहाउसं १० जानेवारीपासून बंद. कारण? इथे रिकामटेकडे जमतात आणि सरकारविषयी खोट्यानाट्या, बदनामीकारक बातम्या पसरवतात. लोकांनी एवढा गिल्ला केला, की ८ जानेवारीला फर्मान मागे घेतलं. अमलात यायच्या दोन दिवस आधी! गप्पांवर बंदी घालायची, तर आधी त्या बंदीविषयीच्या गप्पा थांबवता आल्या पाहिजेत.

त्यानंतर काही वर्षांनी एडवर्ड लॉइडचं कॉफीहाउस आलं. तिथे जहाजमालक, कप्तान, व्यापारी बसायचे. कुठलं जहाज पोचलं, कुठलं बुडालं, कुणी पाहिलं. या ऐकीव बातम्यांवर विमा, विम्यावरून ‘लॉइड्स ऑफ लंडन’. ज्याला रिकामटेकडेपणा म्हणून राजा झोडत होता, त्यातून सागरी विम्याचा जगप्रसिद्ध बाजार उभा राहिला.

१७०९ साली रिचर्ड स्टीलनं आठवड्यातून तीनदा निघणारा एक कागद काढला आणि नाव ठेवलं ‘टॅटलर’, म्हणजे चुगल्या करणारा. निरनिराळ्या कॉफीहाउसांच्या नावानं त्यात मजकूर येई, कवितेचा एका अड्ड्यावरून, परदेशी बातम्यांचा दुसऱ्या, विद्वत्तेचा तिसऱ्या. आपल्याकडे कट्ट्यावरच्या मंडळींना असं खातेवाटप करून द्यायचं कुणाला सुचलं नाही. इथे प्रत्येक जण सगळ्याच खात्यांचा मंत्री असतो. त्याच काळात ‘क्विडनंक’ हा गोड शब्द रुळला. लॅटिनमध्ये ‘क्विड नंक’ म्हणजे ‘आता काय?’. सतत नवीन बातमी हुंगत फिरणाऱ्या माणसाला ते नावच पडलं. प्रत्येक आळीत असा एक काका असतो. भेटला की नमस्कार नाही, खुशाली नाही, पहिला प्रश्न ‘काय विशेष?’ त्याचं खरं नाव कुणाला आठवत नाही. लंडनवाल्यांनी तेच केलं, लॅटिनमधून.

बंकम आणि पालाव्हर

दोन शब्द घाईत. १८२० साली अमेरिकेच्या संसदेत गुलामगिरी आणि मिसुरी राज्य यांवर तापलेली चर्चा संपत आली होती, सगळे मतदानाला उतावीळ. तेवढ्यात नॉर्थ कॅरोलायनाचे फेलिक्स वॉकर उठले आणि लांबलचक बोलू लागले. लोक ओरडले, खाली बसा. वॉकरसाहेबांचं म्हणणं, मी तुमच्यासाठी बोलतच नाहीये, माझ्या बंकम काउंटीसाठी बोलतोय. मतदारांना दाखवायला केलेल्या पोकळ भाषणाला ‘बंकम’ हे नाव पडलं, तोडून ‘बंक’, आणि १९२३ मध्ये विल्यम वुडवर्ड या लेखकानं त्याच्यापुढे ‘डी’ लावून ‘डीबंक’ बनवलं. फॅक्टचेकवाले रोज वापरतात त्या शब्दाच्या पोटात एका काउंटीचा अपमान आहे.

‘पालाव्हर’ म्हणजे लांबण, उगाचची चर्चा. पोर्तुगीजमध्ये ‘पालाव्रा’ म्हणजे नुसता ‘शब्द’. पोर्तुगीज व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्थानिकांशी सौदे करायचे, त्या वाटाघाटींना हे नाव मिळालं आणि इंग्रज खलाशांनी ते उचललं. पोर्तुगीजांच्या गलबतांनी आपल्याला बटाटा, पगार, चावी आणि घमेलं दिलं. इंग्रजांना बडबड दिली. सौद्यात आपण जिंकलो. पालाव्राचं मूळ लॅटिन ‘पाराबोला’, आणि त्याच झाडाची दुसरी फांदी फ्रेंच ‘पार्ले’, बोलणं. तिच्यापासून ‘पार्लमेंट’. पार्लमेंट आणि पालाव्हर सख्खी नसली तरी चुलत भावंडं आहेत. थेट प्रक्षेपण पाहणाऱ्याला कोश उघडायची गरज नाही.

उवा आणि बावन्न मिनिटं

रॉबिन डनबार या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९९६ साली एक पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा असा: माकडं तासन् तास एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचतात, ती स्वच्छता कमी आणि दोस्ती जास्त. माणसांचे कळप मोठे झाले, इतक्या जणांच्या उवा वेचायला दिवस पुरेना, मग एकाच वेळी चौघांना कुरवाळता येईल असं साधन निघालं. बोलणं. त्यातही दुसऱ्यांविषयीचं बोलणं. आमच्या वाड्याच्या पायरीवर दुपारी बायका एकीमागे एक बसून फणी फिरवत बोलत असायच्या. दोन्ही तंत्रज्ञानं एकाच वेळी चालू.

२०१९ साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या संशोधकांनी ४६७ लोकांच्या अंगावर अडकवलेल्या रेकॉर्डरमधलं बोलणं ऐकलं. हजर नसलेल्याविषयी बोलणं म्हणजे गॉसिप, अशी साधी व्याख्या धरली. दिवसाची सरासरी निघाली ५२ मिनिटं. त्यातलं तीन चतुर्थांश ना चांगलं ना वाईट, ‘तिची बदली झाली’ या जातीचं. वाईट बोलण्यात बायका पुरुषांच्या पुढे नव्हत्या. हे वॉल्टनच्या लोहाराला कळवायला हवं होतं.

नीता आणि तिची वटवट

मुंबईत ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘स्टारडस्ट’ मासिक सुरू झालं. मालक नारी हिरा, आणि संपादक विशीतली मराठी मुलगी शोभा राजाध्यक्ष, पुढे शोभा डे म्हणून गाजलेली. त्यातलं सगळ्यात आधी वाचलं जाणारं सदर ‘नीताज नॅटर’. नॅटर म्हणजे वटवट; उत्तर इंग्लंडच्या बोलीत तो मुळात कुरकुरण्याचा शब्द. कोण कुणाच्या गाडीतून उतरलं आणि कोण कुणाशी बोलणं टाकून बसलं, हे इंग्रजीत हिंदी कालवून, सलूनच्या बाकावर बसलेल्यालाही कळेल अशा भाषेत. सलूनमध्ये नंबर लागेपर्यंत हे मासिक नाक खुपसून वाचायचं आणि घरी कुणी विचारलं तर ‘चित्रं बघत होतो’ म्हणायचं, अशी एक अख्खी पिढी आहे. मी त्या पिढीतला नाही, असं म्हटलं तर ती फर्फी होईल.

गप

आता ज्याच्यासाठी एवढं पाल्हाळ लावलं तो शब्द. इंग्रजीत निरर्थक बडबडीला एक शब्द आहे ‘गप’, आणि तो आपलाच आहे. म्हणजे आपलाही उसनाच, फारसीतून आलेला. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलीचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश काढला. (मोहरमच्या ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचं गोऱ्या सोल्जरांनी जे केलं, ते त्या कोशाचं नाव!) त्यात ‘गप’ आहे, अर्थ: रिकामी कुजबुज. जोडीला ‘बक’ही आहे, ‘बकना’वरून.

त्याआधीच, १८६८ मध्ये, फ्लॉरेन्स मॅरियट या बाईंनी मद्रासकडच्या गोऱ्या साहेब-मडमांच्या जगण्यावर लंडनमध्ये पुस्तक छापलं, त्याचं नावच ‘गप’. नवरा लष्करात, छावणीत करायला काही नाही, उकाडा मरणाचा आणि शेजारच्या बंगल्यातली बाई कालच्या पार्टीत तिसऱ्यांदा त्याच कॅप्टनबरोबर नाचली. बाळंतिणीच्या खोलीत जसं बाळाची वाट बघत बसायचं, तसं इथे मेलबोटीची. ‘च्यू द फॅट’, चरबी चघळत बसणे, हा गप्पांसाठीचा वाक्प्रचारही १८८५ मध्ये छापलेल्या एका पुस्तकात भेटतो, आणि ते पुस्तक हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेच्या जगण्यावरचं आहे. तिथे त्याचा अर्थ कंटाळलेल्या लष्करी मंडळींची कुरकुर. चघळायला चरबी मिळाली नाही, तर साहेब होताच.

फारसीत गप्पा ‘जदन’ करतात. जदन म्हणजे मारणे. ‘गप जदन’, गप्पा मारणे. अमेरिकन त्याच कामासाठी ‘शूट द ब्रीझ’ म्हणतो, वाऱ्यावर गोळ्या झाडतो. आपण हातानं मारतो, तो बंदुकीनं. इजा दोन्हीकडे नसलेल्या माणसालाच होते. मराठीनं मात्र यात आपली पाचर मारून ठेवली. ‘गप्प’ म्हणजे शांत, ‘गप्पा’ म्हणजे बोलणं. शाळेतल्या बाईंनी ‘गप्प!’ म्हणून डस्टर आपटायचं आणि मागच्या बाकानं त्याला हळूच काना लावायचा, हे आमच्या वर्गात रोजचं होतं.

मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींनी १९९० साली आपल्या मुलासाठी ‘हरून अँड द सी ऑफ स्टोरीज’ लिहिलं, त्यात दोन देश आहेत: एक गप, दुसरा चुप. गपची फौज लढाईला निघते ती वाटभर तावातावानं बोलत. सेनापतीची योजना बरोबर की चूक यावर शिपाई भांडतायत, सेनापती उत्तरं देतोय, पुन्हा भांडण. चुपची फौज काळी, शिस्तीची, ओठ मिटलेली. गपवाल्यांचा धुव्वा उडणार असंच वाचणाऱ्याला वाटत राहतं. समोरासमोर येतात, तेव्हा उलटंच होतं. इतकी वटवट केल्यामुळे गपच्या शिपायांना एकमेकांचं सगळं ठाऊक असतं आणि ते एकीनं लढतात. चुपवाले एकमेकांपासून सगळं लपवून बसलेले, त्यामुळे शेजारच्याचाच संशय. ते आपसातच फुटतात.

गपच्या त्या सैन्यातल्या प्रत्येक शिपायाला ‘पान’ म्हणतात, पानांची प्रकरणं होतात, प्रकरणांचे खंड, आणि सगळ्या फौजेला नाव आहे ‘ग्रंथालय’. ज्या ठिकाणी भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते.